ठकूची पडवी आणि तिसरं टूल

इथले असले अमानवीय अनुभव मी टाइमपास म्हणून वाचते, आणि खाली टिंगलीच्या कमेंट्स टाकणाऱ्यांत मीही असते. त्यामुळे आज माझ्यावर हसायचं असेल तर खुशाल हसा, फिटंफाट होईल. भूत, चकवा, अंगात येणं... यातलं काहीही मी कधी मानलं नाही. लोणावळ्याजवळच्या कुरवंड्यात वाढले, नागफणीच्या डोंगरवाटेवर. आमच्या गावात प्रत्येक वळणावर कुणी ना कुणी काहीतरी पाहिलेलं असतं. मला कधी काही दिसलं नाही. दिसलं ते थेट लोणावळ्यातल्या माझ्या फ्लॅटमध्ये, भर दुपारी, लॅपटॉपवर, समोर अर्धा खाल्लेला डबा उघडा असताना.

आधी माझं काम सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मावळातल्या बंगलेवाल्यांच्या, कॅम्पिंगवाल्यांच्या जाहिराती मी इंटरनेटवर चालवते. तुम्ही काही सर्च केलं की सगळ्यात वर 'जाहिरात' असं लिहून जे येतं ना, ते. त्यासाठी लोक नेमके कोणते शब्द टाइप करतात ते माहीत असावं लागतं – 'भुशी डॅमजवळ बंगला', 'लोणावळा फॅमिली रूम स्वस्त' वगैरे. ते सांगणारी कीवर्ड टूल्स असतात. एक शब्द टाकायचा. तो किती जण शोधतात, त्याच्या जोडीनं आणखी काय शोधतात, कोणते प्रश्न विचारतात, सगळं समोर येतं.

एका रिसॉर्टवाल्यानं मला विचारलं होतं, "मॅडम, यातलं कुठलं टूल विकत घेऊ, एकदा तुलना करून द्या ना." मी तीन निवडली. खरी नावं देत नाही. मी त्यांना ठेवलेली नावं – साहेब, फुकटं आणि चोंबडं. साहेब महागडं आणि तोलून मापून बोलणारं. फुकटं म्हणजे फुकटच. चोंबडं नवीन होतं, ट्रायलवर घेतलेलं, दुसऱ्या कुणाकडे नाही ती माहिती आमच्याकडे आहे म्हणून मिरवणारं.

टूल तपासायची माझी एक पद्धत आहे. सुरुवातीलाच असा शब्द टाकायचा, जो जगात कुणीही शोधत नसेल. सरळ टूल सांगतं, माहिती नाही. थापाडं टूल काहीतरी आकडा ठोकून देतं, आणि तिथंच पकडलं जातं. आणखी एक नियम – दोन टूल्स मिळून सांगतील ते धरायचं, एकटं टूल सांगेल ते सोडून द्यायचं. या धंद्यातले बहुतेक जण असंच करतात.

त्या दुपारी मी शब्द टाकला, 'ठकूची पडवी'.

ठकू म्हणजे मी. कागदोपत्री सुजाता, पण आबा, म्हणजे माझे वडील, मला ठकूच म्हणायचे. ते गेल्यावर ठकू म्हणणारा दादा एकटा उरला. कुरवंड्याच्या आमच्या घराला पुढे पडवी आहे, समोर सगळी दरी उघडी. लहानपणी मी तिथून हलायचेच नाही – अभ्यास तिथं, जेवण तिथं, रुसून बसायचं तेही तिथंच. म्हणून आबा त्या जागेला ठकूची पडवी म्हणायचे. आई-आबांच्या माघारी दादानं आणि मी ठरवलं होतं, या घराचं छोटंसं होमस्टे करायचं. राखण दादाची, चूल वहिनीची, गिऱ्हाईक आणायचं काम माझं. नाव काय द्यायचं हे आम्ही दोघंच पडवीत बसलो असताना ठरलं. पाटी नाही, वेबसाइट नाही, वहिनीलाही अजून सांगितलेलं नव्हतं. तपासणीला याहून चांगला शब्द कुठून मिळणार?

साहेब म्हणालं, माहिती नाही. फुकटं म्हणालं, माहिती नाही.

चोंबड्यानं आकडा दिला. छोटाच, पण दिला. आणि खाली जोडीचे शोध... 'ठकूची पडवी चुलीवरचं जेवण'. 'ठकूची पडवी निळं फाटक कुठे वळायचं'. त्याखाली लोकांचे प्रश्न – 'ठकू कोण होती'. आणि शेवटचा, 'ठकू कशाने गेली'.

मी ते दोनदा वाचलं. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. मग मात्र मला भयंकर राग आला. म्हटलं, हे टूल स्वतःच्या मनानं गोष्टी रचतंय आणि लोकांना विकतंय. आमच्या घराला फाटकच नव्हतं, निळं नाही आणि काळंही नाही. करवंदीची जाळी होती आणि तिच्यातून एक वाट. रिसॉर्टवाल्याच्या रिपोर्टमध्ये मी ठसठशीत लिहिलं, 'या टूलने अस्तित्वातच नसलेल्या गोष्टीला आकडा दाखवला, घेऊ नये.' तो रिपोर्ट त्याच दिवशी पाठवला, तो त्याच्याकडे अजून आहे. मला वेड लागलंय असं कुणाला वाटत असेल म्हणून सांगतेय.

मग गंमत म्हणून दादाला फोन लावला. म्हटलं, "दादा, आपलं होमस्टे चालू झालं बरं का. लोक शोधायला लागलेत. निळं फाटक पण लागलंय." शेवटचा प्रश्न काही मी सांगितला नाही, तोंडातून निघालाच नाही.

दादा म्हणाला, "त्यात मालक कोन दावतंय का?"

मी हसले. "अरे टूल आहे ते, तलाठी नाही."

"न्हाई, आपलं इचारलं. बंद कर त्ये. कायबी दावत्यात." आणि फोन ठेवला.

हे वाक्य मी तेव्हा कानाआड केलं. मालक कोण दाखवतंय असं कुणी उगाच विचारतं का? पण तो माझा दादा होता. शाळेत पावसाळ्यात मला खांद्यावर घेऊन ओढा ओलांडणारा. त्याच्यावर मी कसला संशय घेणार?

त्यानंतर लवकरच हक्कसोडीचा विषय निघाला. बाहेरच्यांसाठी सांगते – वडिलांच्या जमिनीत आणि घरात बहिणीचा हिस्सा असतो, पण आमच्याकडे बहीण भावासाठी तो सोडून देते, आणि भाऊ तिला साडी नेसवतो. ही रीत एवढी अंगवळणी पडलीय की नाही म्हणणारी बहीण हावरट ठरते. दादा म्हणाला, "आगं, होमस्टेला लोन काडायचं तर ब्यांकवाले यकाच नावावर देत्यात. सही कर. हाय त्ये आपल्या दोगांचंच हाय. का माज्यावर भरवसा न्हाई?"

भरवसा नाही असं बहीण म्हणेल का? वडगाव मावळला गेलो, रजिस्ट्रेशन झालं, सह्या-अंगठे झाले. दादानं मोरपंखी साडी दिली, मिसळ खाऊ घातली. मी भरल्या पोटी, भरल्या मनानं घरी आले. येताना एकदा चोंबडं डोक्यात आलं होतं, नाही असं नाही. पण साहेब आणि फुकटं दोघांनी काही नाही म्हटलेलं. दोघांविरुद्ध एक! मी माझाच नियम लावला आणि विषय सोडला.

मग दादा फोन उचलेना. उचलला तर घाईत – शेतात हाय, गाडीवर हाय, मागनं करतो. माझ्याकडे सीझनची कामं होती, मीही जोर लावला नाही, आणि असेच काही महिने गेले. एका क्लायंटचा बंगला बघायला कुरवंड्याकडे गेले, तेव्हा म्हटलं घरी डोकावू. वळणावर आले आणि स्कूटर थांबवली. करवंदीची जाळी नव्हती. तिथं निळं फाटक होतं. वर पाटी, 'ठकूची पडवी'. आणि बाजूला गोष्टीचा फलक, सुबक अक्षरांत – या पडवीत ठकू नावाची एक चिमुरडी खेळायची, एका पावसाळ्यात ती गेली, पण तिचं हसू अजून इथं ऐकू येतं...

मी फलकासमोर उभी राहून स्वतःच्या मरणाची बातमी वाचत होते.

दादा खाली गावात सापडला, नव्या बांधलेल्या खोलीसमोर. घर आणि जागा त्यानं पुण्याच्या एका पार्टीला विकली होती. सह्या झाल्यावर चार दिवस सुद्धा थांबला नव्हता म्हणे. मी आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हटलं, "नाव तरी ठेवायचंस रे माझं माझ्याकडे."

"त्यान्ला लय आवाडलं नाव." तो माझ्याकडे बघत नव्हता. "मंग इचारलं, ठकू कोन? म्हनलं, व्हती यक बारकी पोर. गेली."

"गेली?"

"कहानी पायजे व्हती त्यान्ला. गिऱ्हाईक येतं त्यानं. तुला काय खरंच मारलं का आमी?"

वहिनी दारात उभी होती. ती आत निघून गेली. मीही निघाले.

आता तुम्ही म्हणाल, यात अमानवीय काय, भावानं फसवलं, घरोघरी हेच चालतं. मान्य. मीही स्वतःला तेच समजावलं. दादानं पार्टीशी आधीच बोलणी केली असणार, त्यांनी नाव सर्च केलं असणार, चोंबड्यानं ते टिपलं. दादा म्हणतो, नाव विक्रीनंतरच सांगितलं, आबांची शपथ घेतो. त्याच्या शपथेला माझ्या लेखी आता काडीची किंमत नाही, म्हणून समजा तो खोटंच बोलतोय. पण फाटक? ते रंगवणारा गावातलाच आहे. तो सांगतो, फाटक काळंच करायचं ठरलं होतं, काम संपत आलं आणि पार्टीच्या बायकोनं ऐनवेळी निळा रंग घ्यायला लावला. आणि 'ठकू कशाने गेली' हा प्रश्न तो फलक वाचलेला माणूसच विचारणार. मी तो वाचला तेव्हा फलक नव्हता, आणि ती कहाणी दादाच्या डोक्यातसुद्धा आली नव्हती.

टूलवाल्या कंपनीला मेल केली. उत्तर आलं, आमच्याकडे झालेल्या सर्चची माहिती असते, न झालेल्या सर्चची असूच शकत नाही. बरोबर आहे, मीही क्लायंटला हेच सांगितलं असतं. आज तो शब्द टाकला तर तिन्ही टूल्स व्यवस्थित आकडा देतात. साहेबसुद्धा.

सगळं घडायच्या आधीच मला कुणीतरी सांगत होतं. कोण, कसं, मला ठाऊक नाही. ते कोण होतं, त्याला माझी काळजी का होती, या विचारानं अजून कामात लक्ष लागत नाही. आबा होते असं नणंद म्हणते. आबांना टीव्हीचा रिमोट जमत नव्हता.

गेल्या महिन्यात मनाचा हिय्या केला आणि एक रात्र तिथं राहायचं ठरवलं. गिऱ्हाईक म्हणून. पैसे देऊन का होईना, एकदा पडवीत बसायचं होतं. दुपारी बॅग घेऊन गेले. मॅनेजर तरुण होता, बाहेरगावचा, बोलायला गोड. त्यानं पाणी दिलं, आयडी मागितला. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी माझ्या आधारवर माहेरचाच पत्ता आहे, आळसानं बदलायचा राहिलाय. त्यानं कार्ड बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि कार्ड दोन्ही हातांनी परत केलं.

"सॉरी मॅडम, कुरवंड्याचा पत्ता आहे. लोकल आयडीवर आम्ही रूम देत नाही, मालकांचा नियम आहे."

मी म्हटलं, पडवीत पाच मिनिटं बसू का फक्त. तो म्हणाला, ती जागा गेस्टसाठीच आहे. ग्लास ठेवला आणि परत आले. मी ठकू आहे हे त्याला सांगितलं नाही. सांगून त्यानं काय केलं असतं?

तर असा हा प्रकार. टूलबद्दल कुणाकडे काही स्पष्टीकरण असेल तर जरूर लिहा. टिंगल केलीत तरी चालेल. पण दादाला खाली कुणी शिव्या घालू नका. त्याला काय बोलायचं ते मी एकटी बोलेन... तो फोन उचलेल तेव्हा.