डेल्फीला कौल लावला त्याची गोष्ट

"म्याडम, तिची खोली कुठली?" हसुरामशेठनी विचारलं.

आम्ही ग्रीसमध्ये होतो. डेल्फीच्या डोंगरउतारावर, अपोलो देवाच्या देवळासमोर. देवळाचे सहा खांब उभे आहेत, बाकी नुसतं जोतं.

"कुणाची खोली?"

"तिची. जिच्या अंगात येतं."

त्यांच्या हातात कापडी पिशवी होती. तिच्यात नारळ होता, हे न विचारता कळत होतं. मी मागे वळून पाहिलं. मागे अंतर राखून नामदेवशेठ उभे होते. त्यांच्याही हातात पिशवी होती. तीही गोल होती.

मी टूर मॅनेजर आहे. म्हणजे ग्रुपला घेऊन पनवेलहून निघायचं आणि तेवढीच माणसं घेऊन पनवेलला परत यायचं. माहिती सांगायचं काम लोकल गाईडचं असतं. जेवण, खोल्या, रुसवे आणि हरवलेले पासपोर्ट हे माझं खातं. या धंद्यात मी आयुष्याची निम्मी वर्षं घालवली. लोकांनी मला परदेशातल्या देवळांसमोर बरंच काही विचारलं आहे. टॉयलेट कुठे, चहा कुठे, हे पडलं कधी, पाडलं कुणी. देवाची भेटीची वेळ मात्र पहिल्यांदाच कुणी विचारत होतं.

आता हे असं का झालं ते सांगते.

हा ग्रुप विमानतळात गेलेल्या एका गावाचा होता. गाव उठलं, माणसांना नव्या वसाहतीत प्लॉट मिळाले. निम्मं गाव एका सेक्टरमध्ये गेलं, निम्मं दुसऱ्यात. मध्ये मोठा रस्ता. रस्त्याच्या अलीकडचे हसुरामशेठचे, पलीकडचे नामदेवशेठचे. दोघं सख्खे चुलतभाऊ. गावदेवी कुठल्या बाजूला न्यायची यावरून दोघांचं बोलणं बंद झालं आणि पालखीही. देवी तेव्हापासून जुन्या गावाच्या कडेला एका पत्र्याच्या शेडमध्ये होती.

तिच्यापुढे दिवा लावायला रोज एकच माणूस जायचं. चांगुणाकाकी. दोघांची काकू. काकींचे यजमान देवीचे पुजारी होते, ते गेल्यावर काम काकींकडे आलं. शेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर दिवसभर कंटेनरचे ट्रेलर. रिक्षावाले परतीचं भाडं मिळत नाही म्हणून यायला तयार नसायचे. काकी अर्धं अंतर चालायच्या. डॉक्टरांनी गुडघ्यांचा फोटो काढून सांगितलं होतं, हे अजून फार चालणार नाहीत. म्हणजे काकींचे गुडघे बसले की देवी अंधारात. गावात हे सगळ्यांना माहीत होतं, आणि दोन्ही बाजू समोरची बाजू नमते का याची वाट बघत होत्या.

असे दोन भाऊ एकाच टूरवर आले कसे, हे कोडं मला डेल्फीपर्यंत सुटलं नव्हतं. मला वाटलं, आमच्या कंपनीचा रेट चांगला होता.

टर्कीत आणि अथेन्समध्ये मी दोन ग्रुप असल्यासारखी टूर चालवली. बसमध्ये ड्रायव्हरच्या बाजूला हसुरामशेठची माणसं, दाराच्या बाजूला नामदेवशेठची. काकी मधल्या वाटेला लागून बसायच्या आणि दोन्हीकडचा खाऊ खायच्या. एफेससला, संगमरवरी खांबांच्या त्या प्रसिद्ध लायब्ररीसमोर, ग्रुप फोटो दोनदा काढला. दोन्हीत काकी मध्यभागी. अथेन्सच्या टेकडीवरची, ॲक्रोपोलिसची बिनछपराची देवळं पाहून मात्र दोन्ही बाजूंचं एकमत झालं. दोन्ही शेठ बिल्डिंग मटेरियलचे सप्लायर.

"खांब चांगलं हायत," हसुरामशेठ मला म्हणाले. "पन स्लॅब काय घातलान नाय."

नामदेवशेठ पलीकडून, आकाशाकडे बघत म्हणाले, "पार्टीचा पैसा संपला असंल."

कित्येक वर्षांत त्यांचं एकमेकांशी झालेलं हे सगळ्यात लांब संभाषण होतं, असं काकींनी मला नंतर सांगितलं.

आणि मग डेल्फी.

टूर निघायच्या आधी आम्ही ब्रीफिंग घेतो. कपडे कुठले घ्यायचे, औषधं कुठली, काय बघणार, हे सगळं सांगायचं. माझं ब्रीफिंग पनवेलमध्ये थोडं प्रसिद्ध आहे. डेल्फी आली की मी तीन पायांच्या स्टुलावर चढते, ओढणी डोक्यावरून घेते आणि घुमते. कारण डेल्फीला तसंच व्हायचं. पिथिया नावाची बाई तिपाईवर बसायची, तिच्या अंगात अपोलो यायचा. राजे लढाईला निघायच्या आधी तिला विचारायला यायचे. "ग्रीसचा कौल!" असं म्हणून मी स्टुलावरून उतरते. टाळ्या पडतात.

त्या दिवशी टाळ्या पडल्या नव्हत्या. सगळे फार गंभीर झाले होते. मला वाटलं, घुमणं उत्तम झालं.

कौल म्हणजे आमच्या कोकणात देवाला विचारलेला प्रश्न. मूर्तीला फुलं किंवा तांदूळ लावायचे, उजवं पडलं की हो, डावं पडलं की नाही. गावदेवीलाच कौल लावायचा तर लावणारा भगत हसुरामशेठचा सासरा. शेजारच्या गावाचा भगत नामदेवशेठचा व्याही. पंचक्रोशीत तटस्थ भगत उरला नव्हता. आणि मग मी स्टुलावर चढून सांगितलं, की एक आहे. ग्रीसमध्ये. कुणाची नातेवाईक नाही.

हे सगळं मला त्या देवळाच्या जोत्यासमोर, दोन नारळांच्या मध्ये उभं असताना कळलं.

आमची गाईड एलेनी त्याच गावची. मी तिला इंग्रजीत विचारलं, शेवटचा कौल कधी लागला होता?

"सोळाशे वर्षांपूर्वी. थोडं जास्तच."

मी भाषांतर केलं.

"बंद हाय?" हसुरामशेठ म्हणाले.

"बंद आहे."

"मग तुमी ब्रोशरमध्ये कशाला टाकलात?"

नामदेवशेठ पुढे आले आणि भावाकडे बोट दाखवून म्हणाले, "म्याडम, त्याला इचारा, आता काय करायचा?"

"इथंच आहेत, तुम्हीच विचारा."

"तुमी इचारा."

एलेनीला वाटलं, ग्रुपला माहिती आवडली नाही. ती भराभर पुढचं सांगू लागली आणि मी ते मराठीत. पिथियाला विचारायच्या आधी बोकडावर गार पाणी शिंपडायचे. बोकड थरथरला तर देव राजी.

"आमच्यात बी," काकी म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उजळला.

"बाईच्या तोंडून जे निघायचं ते कुणालाच नीट कळायचं नाही," एलेनी म्हणाली. "पुजारी शेजारी असायचे. ते अर्थ सांगायचे."

मग तिने पायाखाली बोट दाखवलं. "आणि हे सगळं जमिनीखाली होतं. वर माझ्या पणजोबांचं गाव होतं. खोदकामासाठी गाव उठवलं आणि तिकडे वसवलं." तिने वळणापलीकडची लाल छपरं दाखवली.

मी हे मराठीत सांगितलं आणि ग्रुपचा नूरच बदलला. इतका वेळ अपोलोच्या वंशावळीत कुणी लक्ष दिलं नव्हतं. आता प्रश्न पाऊस पडावा तसे पडू लागले. गाव राजीखुशीने उठलं का? नाही, गावकऱ्यांनी खोदकाम बंद पाडलं होतं, शिपाई आणावे लागले. इथे दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजवल्या. प्लॉट कसे दिले? सातबारा कुणाच्या नावावर? सातबाऱ्याचं इंग्रजी मला सुचलं नाही.

शेवटी काकींनी विचारलं, "त्याहींचा देव कुठं नेला? कोनी ठरवला?"

एलेनीला माहीत नव्हतं. "माझ्या वडिलांना विचारू या. त्यांचा कॅफे आहे गावात."

इथे मी घड्याळ पाहिलं. युरोपात बस ड्रायव्हरने दिवसात किती तास गाडी चालवायची याचा कायदा आहे. ड्रायव्हरचं कार्ड मशीनमध्ये असतं, वेळ भरली की तो स्टिअरिंग सोडून खाली उतरतो, मग तुम्ही घाटात असा नाहीतर हॉटेलच्या दारात. आमच्या ड्रायव्हरने मला दुरूनच मनगट दाखवलं. म्युझियममध्ये रथ हाकणाऱ्या तरुणाचा ब्राँझचा पुतळा आहे, लोक तो पाहायला जगभरातून येतात. कॅफे किंवा पुतळा, एकच जमलं असतं. मी ग्रुपला विचारलं. पुतळ्याला एकही मत पडलं नाही.

डेल्फीचं नवं गाव उतारावर आहे, एका रस्त्याखाली दुसरा रस्ता. एलेनीचे वडील आंद्रेआस कॅफेबाहेर बसले होते. पांढऱ्या मिशा, पोट, एकूण थाट आपल्याकडच्या माजी सरपंचाचा. प्रश्न ऐकून त्यांना फार आनंद झाला. ते बोलू लागले. हात वर गेले, खाली गेले. वरच्या रस्त्याकडे बोट, खालच्या रस्त्याकडे बोट, एकदा छातीवर हात, एकदा थुंकल्याचा आविर्भाव. चहा गार झाला. दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांत मिसळून, टेबलाभोवती दाटीने उभी होती. ते थांबले. सगळे एलेनीकडे पाहू लागले.

एलेनी मला हळूच इंग्रजीत म्हणाली, "त्यांना काहीच माहीत नाही. आजोबा एवढंच सांगायचे, की सगळे भांडले. मग भांडण सुरू कुणी केलं यावरून भांडले."

मग सगळे माझ्याकडे पाहू लागले.

मी काकींकडे पाहिलं. त्या खुर्चीवर बसून दोन्ही हातांनी गुडघे चोळत होत्या. रस्त्यापलीकडे ड्रायव्हरने हॉर्न दिला. मला एलेनीने मघाशी सांगितलेले पुजारी आठवले. कुणी घुमतं, कुणाला कळत नाही, आणि मध्ये एक पगारी माणूस अर्थ सांगायला उभा असतो. ही नोकरी मला ओळखीची वाटली.

मी ओढणी सावरली.

"ते म्हणतात," मी सांगितलं, "इथेही वरचा रस्ता, खालचा रस्ता असंच भांडण झालं होतं. शेवटी गावाने ठरवलं, आपण कुणी बोलायचं नाही. जी बाई रोज दिवा लावते तिला विचारायचं. ती सांगेल तो कौल."

मग नामदेवशेठ आपल्या सुनेकडे वळले. प्रणिता. ती एम. कॉम. आहे, इंग्रजी शाळेत शिकलेली, आणि एलेनीच्या अगदी शेजारी उभी होती. हे माझ्या लक्षात राहायला हवं होतं.

"बरोबर सांगतात का गो म्याडम?"

प्रणिताने माझ्याकडे पाहिलं. मी साखरेच्या भांड्याकडे पाहिलं. तिने पाण्याचा एक घोट घेतला.

"शब्दन् शब्द, पप्पा."

नामदेवच्याच घरातली साक्ष म्हटल्यावर हसुरामशेठना बोलायला जागा उरली नाही. सगळे काकींकडे वळले. काकींना विचार करायला वेळ लागला नाही. त्यांचं उत्तर बहुधा पहिल्या दिवसापासून तयार होतं, विचारलं कुणी नव्हतं.

"मना चालत जावाला व्हईल तिथं देवी बसंल."

काकी लेकीकडे राहतात, अलीकडच्या सेक्टरमध्ये. हसुरामशेठची छाती फुगू लागली.

"थांब हसू, फुगू नको. पालखी निघंल ती नामूच्या दारातशी. मानाचा नारल त्याचा. तू मागं चालशील."

"आनि मी मागं चाललो नाय तर?"

"तर दिवा लावाला तू येशील. रोज. सकालचा."

हसुरामशेठ उठायचे अकराला. त्यांनी मान डोलावली. नामदेवशेठनीही डोलावली. मग दोघांनी एकाच वेळी आपापल्या पिशवीत हात घातला, आणि आता आधी नारळ कुणाचा फोडायचा यावर दोघं थबकले. मला ड्रायव्हरचं कार्ड दिसू लागलं.

काकींनी दोन्ही नारळ ओढून घेतले. आमच्याकडे नारळी पौर्णिमेला नारळावर नारळ आपटून फोडायचा खेळ असतो, ज्याचा फुटला तो हरला. काकींनी एकावर एक असा आपटला की कॅफेतलं मांजर रस्त्यावर गेलं. एक फुटला. दोन्ही पनवेलच्या मार्केटमधले, सारखेच सोललेले. कुणाचा फुटला ते मी पाहिलं आहे. सांगणार नाही.

न फुटलेला नारळ काकींनी आंद्रेआसना दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि आत नेऊन कुटुंबाच्या फोटोंमध्ये ठेवला. मग सगळ्यांना बडीशेपेच्या वासाची त्यांच्याकडची दारू दिली. प्रसादाच्या खोबऱ्याचाच चखणा ही कल्पना दोन्ही शेठना एकदम पटली.

बसमध्ये मी हेडकाउंट घेतला, तर जागांचा पार गोंधळ झाला होता. कोण कुठल्या बाजूचा ते कळेना. मला दोनदा मोजावं लागलं.

मोजणं संपल्यावर काकींनी मला शेजारी बसवलं.

"तो म्हातारा तसा बोल्ला नाय, बाय."

"बोलले की, काकी."

"मी त्याच्या त्वांडाकडं बघत व्हते. ज्याला कायपन म्हाईत नसतं, तो येवढा बोलतो." त्यांनी पदराच्या गाठीतून खोबऱ्याचा मोठा तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. "खा. पुजाऱ्याचा वाटा असतो."

मी खाल्ला.

देऊळ झालं. लहानसं आहे, काकींच्या बिल्डिंगपासून चालत जाण्यासारखं. पालखी नामदेवशेठच्या दारातून निघाली. हसुरामशेठ मागे चालले, पण बँजो पार्टी त्यांनी आणली होती, त्यामुळे मागे आहेत हे कुणाला विसरता आलं नाही. मलाही बोलावणं होतं. प्रणिताने माझी ओळख "आमच्या टूरवाल्या म्याडम, भाषांतर फार सुंदर करतात" अशी करून दिली.

काकींचा निवाडा पनवेलमध्ये कुणीही सांगितला असता. बऱ्याच जणांनी सांगितलाही होता. पण पनवेलमधला सांगणारा कुणाचा तरी व्याही असतो. हे समजायला मला डेल्फीपर्यंत जावं लागलं, आणि माझं तिकीट तर कंपनीच्या खर्चाने होतं.

ब्रीफिंगमध्ये मी आता स्टुलावर चढत नाही. डेल्फीबद्दल एवढंच सांगते, की जागा सुंदर आहे, चढ आहे, बूट चांगले घाला, आणि कौल बंद आहे.

गेल्या महिन्यात नेऱ्याकडच्या एका गावातून फोन आला. तिथे दोन आळ्यांमध्ये मारुतीवरून वाद आहे. मी आधीच सांगून टाकलं, "कौल बंद आहे हं. सोळाशे वर्षं झाली."

"ते म्हाईत हाय म्याडम," पलीकडचा गृहस्थ म्हणाला. "तो कॅफेवाला कुठल्या वारी बसतो?"

मी म्हटलं, रोज.