झोडपी आत्याबाई

आमच्या आत्याबाई गोधडी शिवायला घेण्याआधी कापडाला मारत. नुसतं झटकत नसत हो, मारत! अंगणात दोन खांबांना आडवा बांबू बांधलेला होता. त्यावर जुनी लुगडी, फाटकी धोतरं टाकायची आणि तेंदूच्या काठीनं असं बडवायचं की गोठ्यातले बैल बिचकून दावं ओढायला लागत. प्रत्येक फटक्याला एकेकाचं नाव. "हा घे जंगलच्या ठेकेदाराले! हा घे पाटलाच्या जावयाले! हा माह्या नवऱ्याले, मेला तरी घे!" जुन्या सुताची पिंज उन्हात उडायची आणि त्यांच्या भुवयांवर येऊन बसायची. आधी मारून पिंज काढली नाही तर ती गोधडीत जाते आणि जन्मभर नाकातोंडात येते, असं त्यांचं म्हणणं. गाव त्यांना पाठीमागे झोडपी म्हणे. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती.

मी त्या घरात सून होऊन आले तेव्हा आमच्या जिल्ह्याला चांदा म्हणत आणि आम्ही मध्यप्रदेशात मोडत होतो. गाव जंगलाच्या काठाला. पुढे धानाच्या बांध्या, मागे सागाचं रान. आत्याबाई माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. सासरच्यांनी फार पूर्वीच माहेरी आणून सोडलेली. माझे यजमान बल्लारपूरला कागदाच्या कारखान्यात कामाला, ते पंधरा दिवसांनी एकदा यायचे. म्हणजे घरात सासरे, सासूबाई, आत्याबाई आणि मी. सासरे कधी तोंड उघडत नसत, आणि त्या दोघी कधी मिटत नसत. मधे मी सापडलेली.

पहिल्याच आठवड्यात मी मार खाल्ला. गोधडीची एक ओळ संपवली, माहेरी करत होते तसा दोरा दातानं तोडला आणि शेपूट बोटभर तसंच लोंबत ठेवलं. सटकन कानाखाली बसली! माझ्या बापानं कधी बोट लावलं नव्हतं मला. कान सुन्न झाला, डोळ्यांपुढे काजवे चमकले. "हे शेपूट कोनासाठी ठेवलंस वो? मांजरीले खेळाले?" असं म्हणून आत्याबाईंनी कमरेची पिशवी सोडली आणि साळिंदराचा एक लांब काटा काढला. त्या काट्याच्या टोकानं ते शेपूट दोन थरांच्या मधे असं ओढून घेतलं की मी शिवलेली ओळ मलाच सापडेना. "आता रड," म्हणाल्या, "पाह्यजे तितकी रड. पन धागा बाहेर नाई पाह्यजे." मी त्यांना मनातल्या मनात काय काय शिव्या दिल्या, ते इथे लिहिता येणार नाही.

पण बाई होती हुशार, ते कबूल करायलाच पाहिजे. मोहोळाच्या मेणाचा लिंबाएवढा गोळा त्यांच्याकडे असे. तो उन्हात मऊ करायचा आणि गोधडीवर थापत थापत जायचं, की सगळे सुटे तंतू त्याला चिकटून येत. शिवणीच्या खाचेत बसलेली पिंज मेणाला निघत नसे, तिच्यासाठी आघाड्याची वाळलेली कणसं. रानात लुगड्याला चिकटून आपल्याला बेजार करतात ना, तीच. मग सकाळचं ऊन तिरपं असताना गोधडी डोळ्यांसमोर आडवी धरायची. उभा राहिलेला एकेक धागा सावलीसकट दिसे. आणि सगळं झालं की डोळे मिटून खालचा ओठ गोधडीवरून या काठापासून त्या काठापर्यंत फिरवायचा. "हाताले घट्टे पडले, त्याले काय समजते? ओठाले समजते," असं त्या म्हणत. निघालेला प्रत्येक धागा वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात जाई आणि तुंबा भरला की चुलीत रिकामा होई. जमिनीवर पडलेला धागा दिसला तर ज्याच्या पायाजवळ सापडला त्याच्या पोटरीवर काठी बसे, मग तो पाहुणा का असेना.

एकदा बाजाराच्या दिवशी एका दुकानदारानं त्यांना कुजका दोरा दिला. ओढला की पिंजायचा आणि टाक्याटाक्याला लव सोडायचा. आत्याबाईंनी दोरा परत नेऊन त्याच्या तोंडापुढे धरला. तो हसला आणि म्हणाला, "बाई, चिंध्याच शिवाच्या हायेत ना तुले?" झालं! त्याचाच लोखंडी गज उचलला आणि त्याच्या मनगटावर असा हाणला की बांगडीच्या दुकानापर्यंत आवाज गेला. माणसं मधे पडली तेव्हा दुकानदार गाठोड्याखाली होता आणि आत्याबाई गाठोड्यावर. घरी येताना त्या चिंचेची बुटकं चघळत निवांत चालल्या होत्या. "हाडूक नाई मोडलं," एवढंच म्हणाल्या, जरा नाराजीनंच.

हा राग कुठून येतो ते मला दिवस गेल्यावर कळलं. मोह वेचायला गेलो होतो. माझ्या पोटाकडे पाहत त्या एकदम म्हणाल्या, "माहं लेकरू धाग्यानं मेलं." मला काही समजेना. मग त्यांनी सांगितलं. मुलगा होता, महिन्याचा. रडायला लागला तो थांबेना. दृष्ट लागली म्हणून मीठ-मिरच्या झाल्या, अंगारे झाले, पायाला काळा दोरा झाला. पोर दुपट्यात करकचून बांधलेलं. आत काय आहे ते कोणी पाहिलं नाही, आणि यांना पाहू दिलं नाही. पोर तापानं फणफणून गेलं. शेवटची आंघोळ घालताना यांना दिसलं. पायाच्या बोटाला गोधडीचा धागा गुंडाळला होता, मांसात रुतला होता, आणि पाय घोट्यापर्यंत काळा पडला होता. "गोधडी म्याच शिवली होती वो," त्या म्हणाल्या आणि हातातली मोहफुलं चिरडून टाकली. सासरी कोणी मानलं नाही. बाईची नजर खादाड आहे, पोटचं पोर खाल्लं, असं ठरलं आणि त्यांना बैलगाडीत घालून माहेरी टाकून आले. मी तिथेच मोहाच्या झाडाखाली बसून ढसाढसा रडले. तेव्हापासून मला माझ्या बाळाची एकच भीती. आजाराची नाही, वाघाची नाही, धाग्याची.

आत्याबाईंनी माझ्या बाळासाठी गोधडी शिवली. हातभर लांब, आजेसासूंच्या मऊ लुगड्याची. तिच्यावर ओठ फिरवता फिरवता त्यांचा ओठ सोलून निघाला होता. ती घेऊन त्या आत आल्या आणि सासूबाई उभ्याच्या उभ्या पेटल्या. "त्या हाताची गोधडी माह्या घरच्या लेकराखाली नाई! स्वतःचं खाल्लं, आता याच्यावर डोळा?" आत्याबाईंनी पाण्याची घागर त्यांच्या पायावर आपटली, सासूबाईंनी यांचा अंबाडा धरला, आणि दोन म्हाताऱ्या स्वयंपाकघरात लोळल्या. सासरे ओट्यावर बसून तंबाखू मळत होते. ते जागचे हलले नाहीत. गोधडी गोठ्यात गेली, वासरानं शेणात तुडवली. सासूबाईंच्या बहिणीनं दुसरी आणली. वरून फुलंबिलं काढलेली, बघत राहावं अशी, आणि उलटली की खालून सगळी लोंबत्या धाग्यांची दाढी! मुलगी झाली, मी कात्री मागितली तर बाळंतिणीनं शिवणाला हात लावला की डोळे जातात म्हणे. अंधाऱ्या खोलीत नखांनी जमतील तेवढे धागे मी उपटले. आत्याबाईंना तर त्या खोलीच्या दाराशीसुद्धा फिरकायची बंदी होती.

मुलगी विसेक दिवसांची असेल, एका सकाळी किंचाळायला लागली. भुकेचं रडणं नव्हतं ते, आईला कळतं. मी दुपटं सोडायला गेले तोवर सासूबाईंनी भगताला बोलावून आणलं होतं. त्यानं दुपट्यावरूनच पोरीला काळा दोरा करकचून बांधला, मंत्र घातला आणि सांगितलं, दिवस मावळेपर्यंत गाठ सोडायची नाही, सोडली तर बाधा आईवर उलटेल. वर मिरच्यांचा धूर. मी ओरडले, "उलटू दे माझ्यावर! पाय बघा तिचा!" सासूबाईंनी मला खाटेवर दाबून धरलं. त्यांचा गुडघा माझ्या छातीवर होता. मी उरलासुरला सगळा जीव एकवटून हाक मारली, "आत्याबाई!"

बापा रे, ते दार! आतून अडसर होता. दुसऱ्या की तिसऱ्या लाथेला बिजागरीसकट आत आलं. आधी काठी भगताच्या खांद्यावर बसली. काहीतरी कटकन मोडलं, आणि या वेळी हाडूकच होतं. निखाऱ्यांचं पातेलं खोलीभर उडालं. सासूबाईंनी मागून केस धरले, तर आत्याबाईंचं कोपर त्यांच्या तोंडावर आदळलं आणि समोरचा दात जमिनीवर पडला. "सर बाजूले, नाई तं तुहा मुडदा पाडीन!" दोरा तोडला, दुपटं फाडलं. पोरीच्या उजव्या पायाची करंगळी पिकल्या जांभळासारखी झाली होती, शेजारचं बोट निळं. लाल धागा मांसात इतका रुतला होता की दिसतच नव्हता. आत्याबाईंनी तो पाय तोंडाजवळ नेला, ओठ फिरवला, थांबल्या. तिथेच साळिंदराचा काटा बोथट बाजूनं धाग्याखाली घातला, उचलला आणि दातानं तोडला. रक्ताची चिळकांडी त्यांच्या गालावर उडाली. पोर क्षणभर गप्प झाली. मग ती रडली, पण ते रडणं वेगळं होतं. आत्याबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. करंगळी काही दिवसांनी वाळून गळली. पाय वाचला, पोर वाचली.

आता कोणी म्हणेल, गावानं त्यांची ओटी भरली असेल. छे! भगताचा खांदा मोडला होता ना! चावडीवर चार माणसं बसली. भगताचे पाय धर, नाही तर गाव सोड, असं त्यांनी फर्मावलं. आत्याबाई उभ्या राहून म्हणाल्या, "मी काऊन धरू? यानं पोरीचा पाय एकदा उघडून पाह्यला असता, तं याचा खांदा साबूत राह्यला असता. अजून एक खांदा हाय त्याचा, सांगून ठेवा त्याले." सगळ्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे जमिनीकडे बघत बहिणीला म्हणाले, "मंग जाय." एवढंच. मी डोक्यावरचा पदर सावरत सगळ्यांसमोर म्हटलं, "मामाजी, यांनी तुमची नात वाचवली." ते उठून घरी निघून गेले.

भामरागडकडे त्यांची कोणी दूरची मावसबहीण होती, तिकडे त्या निघाल्या. मी पाया पडायला वाकले तर दंडाला धरून ओढून उभी केली. "कमर धरंल, अजून ओली बाळंतीण हायेस." मग पोरीला घेतलं. त्या दिवसाचा तो झगडा सोडला तर त्यांनी तिला कधी हातात घेतलं नव्हतं. छातीशी धरून उभ्या राहिल्या, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला बघवेना. "घे वो, घे लवकर," म्हणून पोर माझ्याकडे ढकलली आणि मागे न बघता चालू लागल्या. मी तिथे उभी राहून त्या चार माणसांना, भगताला, साऱ्या गावाला मोठ्यानं शिव्या देत होते. लहान मूल हातात असलेल्या बाईला कोण अडवणार?

त्या पावसाळ्यात तिकडची वाट बंद झाली. नद्यांना पूर, कोणी येईना की जाईना. दिवाळीनंतर एक माणूस हिरडा घेऊन आला, त्यानं ओट्यावर बसून पाणी पीत पीत सांगितलं. ताप आला, पुरामुळे कुठे नेता आलं नाही, पोळ्याच्या आधीच गेल्या. सासूबाई धान पाखडत होत्या. सूप खाली न ठेवता म्हणाल्या, "सुटली पीडा. आमच्या पोरीचं बोट खाऊन गेली रांड."

मी उठले आणि त्यांच्या कानाखाली वाजवली. सूप उडालं, धान अंगणभर झालं. सुनेनं सासूला मारलेलं आमच्या गावात तोवर कोणी ऐकलं नव्हतं. तो हिरडेवाला तोंड उघडं टाकून बघत राहिला. सासरे ओट्यावरून उठले. मला वाटलं, आता माझी पाळी. पोरीला उचलून मी भिंतीशी सरकले. ते माझ्यासमोर आले, डोक्याचं पागोटं काढून खाली ठेवलं आणि मान वाकवून उभे राहिले.

"सूनबाई, एक मलेही मार," ते म्हणाले. "माही बहीण होती ते."