ताईचं ‘दोन’

सुमनताई गेल्याचा फोन आला, तेव्हा मी लालबागच्या घरी तिच्यासाठी मुगाचं पाणी गाळत होतो. भाची एवढंच म्हणाली, “मामा, डबा आणू नको आता...” गाळणी हातात धरून मी तसाच उभा राहिलो.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिची सगळी नोकरी देडतलाईच्या शाळेत झाली. एकदा शाळेच्या पायरीवरून पडून उजवं मनगट मोडलं, तर डाव्या हातानं फळ्यावर गणितं लिहून तिनं तास पुरा केला आणि घरी येऊन म्हणाली, “काही नाही, थोडं मुरगळलं.” दुखणं कमी करून सांगायची तिची ही सवय आम्ही वर्षानुवर्षं कौतुकानं सांगत आलो.

पोटातली गाठ काढल्यावर तिला मॉर्फिन सुरू केलं. पहिल्याच दुपारी ती इतकी गुंगीत गेली की श्वास मंदावला. नर्सनं धावत येऊन औषध थांबवलं, ऑक्सिजन लावला. मी पुरता हादरलो. ती शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी कमी डोस सुरू केला आणि तिला बजावलं, “किती दुखतंय ते खरं सांगा. त्यावरच डोस ठरतो.” मग नर्स थोड्या थोड्या वेळानं विचारायची, “दीदी, दर्द कितना? शून्य से दस?” ताईचं उत्तर ठरलेलं, “दोन. बस, दोन.” बोलताना तिची मूठ चादरीवर आवळलेली असायची. मला ती दिसत होती. ताई खोटं बोलतेय हे कळत होतं... पण ते औषध वाढू नये, असंच मलाही वाटत होतं. मी गप्प बसलो.

तिसऱ्या दिवशी छातीतला कफ सुटावा म्हणून डॉक्टरांनी तिला खोकायला सांगितलं. जमेना. कळ येते म्हणून ती श्वाससुद्धा वरवरच घेत होती. “अहो, हे दोन नाही,” डॉक्टर म्हणाले. मग जरा जरा डोस वाढवत, दर वेळी श्वास मोजत, त्यांनी दुखणं आटोक्यात आणलं. संध्याकाळी ताईची मूठ सुटली. “आता खरंच बरं लागतंय रे,” ती म्हणाली. “सांगू का? आधी नऊ होतं.” पण तोवर छातीत कफ साठून न्यूमोनिया झाला होता. पुढचे सहा दिवस आम्ही नुसते बघत राहिलो. नंतर मी डॉक्टरांना विचारलं, मी वेळेवर बोललो असतो तर? ते म्हणाले, “सांगता येत नाही.”

परवा दवाखान्याची पिशवी रिकामी केली. तळाशी श्वासाच्या व्यायामाचं, तीन चेंडूंचं प्लॅस्टिकचं यंत्र निघालं. ताईला त्यातला एकही चेंडू वर नेता आला नव्हता. मी नळी तोंडाला लावून श्वास ओढला. तिन्ही चेंडू खटकन वर गेले... आणि माझा दम पुरेपर्यंत वरच राहिले.