दौलताबादचे पेरू
दौलताबादच्या पेरूंचा वास आला की आमच्या बाहेरच्या खोलीत तोंडावर रुमाल धरून बसलेला तो उत्तरेकडचा माणूस मला आठवतो. मी तेव्हा चाकांच्या स्केट्सवर हॉकी खेळायचे आणि तो मला बर्फावरच्या हॉकीच्या संघात, पगार देऊन, न्यायला आला होता. वडिलांना तो पक्का भामटा वाटला. “बर्फ आमी रसवंतीवरच बघितला. त्याच्यावर पोरी खेळत्यात अन् पगार बी मिळतो, व्हय?” त्याचं ओळखपत्र त्यांनी खिडकीच्या उजेडात उलटसुलट करून पाहिलं. हा हसत का नाही, बोलताना तोंड का झाकतो, हे मलाही खटकत होतं. आईनं पेरू पुढं केले, तर त्यानं मान हलवून ताट बाजूला सरकवलं. भिंतीवरची बुद्धाची तसबीर बघून खायला नाही म्हणणारे पाहुणे वडिलांनी आधीही पाहिले होते. “आमच्या हातचं चालत नाय का?” त्यांनी अगदी हळू विचारलं. तो गोरामोरा झाला. मग त्यानं समोरचे सैल बसणारे चार खोटे दात काढून तळहातावर ठेवले. “खेलते वक्त पक लगा था. काट के दो, खाऊँगा,” तो बोबडं बोलला. पक म्हणजे त्या खेळातली टणक रबरी चकती. वडिलांनी स्वतः उठून सुरी आणली आणि फोडी करून त्याच्यापुढं ठेवल्या. संशय फिटला होता, पण आता ते माझ्या तोंडाकडं बघत होते. पुढं मी सात हंगाम पगारी खेळले. पेरू आता मीही चिरूनच खाते.