अकरा देशांचे सण आणि संगीताचं घर

या ईस्टरला कुठे जायचं हे आमच्या घरी एका यादीने ठरवलं. यादी माझी, त्यामुळे सुहासला, म्हणजे नवऱ्याला, फक्त गाडी चालवायची होती.

यादीची सुरुवात झाली ती ऑकलंडमध्ये, माउंट वेलिंग्टनच्या आमच्या ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत. डार्गाव्हिलकडचा एक सहकारी आहे. त्याचे आजोबा डाल्मेशियातून इथे कौरीच्या झाडांचा डिंक जमिनीतून खणून काढायला आले होते. तो सहज म्हणाला, आमच्या घरी सण-समारंभाला ‘फेश्टा’ म्हणतात. झालं! माझ्या डोक्यात किडा शिरला. जर्मन फेस्ट, फ्रेंच फेत, स्पॅनिश फिएस्टा, इटालियन फेस्ता, डच फेस्त, इंग्रजी फीस्ट. एकच लॅटिन शब्द गावोगाव फिरला आणि ज्या घरी उतरला त्या घरचा होऊन गेला. मग हा शब्द न घेणारेही सापडले. फिनलंडवाले यूह्ला म्हणतात, ग्रीक योर्ती म्हणतात. आइसलँडचे हाउतीद म्हणतात, त्याचा अर्थ ‘उंच वेळ’. किती सुंदर! मी एक वही केली. ज्याला गाठेन त्याला शब्द विचारायचा आणि पुढे तीन प्रश्न: त्या दिवशी काय खाता, कोण येतं, आणि घरातलं मोठं माणूस काय करतं. ऑफिसातले लोक मला बघून लिफ्टऐवजी जिना पकडायला लागले, असं सुहासचं म्हणणं आहे. एप्रिलपर्यंत दहा देश झाले होते.

पामर्स्टन नॉर्थच्या पलीकडे डॅनवर्क आणि नॉर्सवुड ही गावं आहेत. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी डेन्मार्क-नॉर्वेच्या लोकांनी जंगल तोडून वसवलेली. तिथे जाणं भाग होतं. शिवाय पामर्स्टन नॉर्थला संगीता होती.

संगीता आणि मी ऑकलंडच्या सँडरिंगहॅम भागात तीन वर्षं शेजारी. भिंतीला भिंत. तिची प्रज्ञा आणि माझी ईरा एका वर्गात. मला फ्लू झाला तेव्हा आठवडाभर आमचा डबा तिने केला होता. गेल्या वर्षी तिच्या नवऱ्याला, मिलिंदला, तिकडच्या संशोधन संस्थेत नोकरी लागली आणि ते गेले. आता त्यांनी तिथे घर घेतलं होतं. मी फोन केला तर म्हणाली, “शुक्रवारी बाराच्या आत पोच गं. घरी कार्यक्रम आहे. आई पण आलीये औरंगाबादहून.”

“वास्तुशांत का?”

“आम्ही ते करत नाही, मेधा.”

“हो गं बाई, तुम्ही दोघं नास्तिक!” असं म्हणून मी हसले. ती काही बोलली नाही. माझ्या ते लक्षातही आलं नाही.

नवीन घर म्हटल्यावर काय न्यायचं? मी सँडरिंगहॅम रोडवरच्या दुकानातून वीतभर उंचीचा पितळी गणपती घेतला. छान कोरीव होता. दुसरा विचार मनात आलाच नाही.

तर शुक्रवार. पाचला निघायचं ठरलं होतं, निघालो सव्वासहाला. तुम्ही जाणार असाल तर एक लक्षात ठेवा: गुड फ्रायडेला हा देश बंद असतो. कोपऱ्यावरची डेअरी, म्हणजे इथलं छोटं किराणा दुकान, आणि पेट्रोल पंप एवढंच काय ते उघडं. पेट्रोल दीड डॉलरच्या वर गेलंय, टाकी ऑकलंडलाच भरा आणि पुऱ्या आणि बटाट्याची भाजी घरून न्या. आम्ही नेली होती, तरी टाउपोला तळ्याकाठी एक कॅफे उघडा दिसला आणि कॉफीसाठी थांबलो. सुट्टीचा अधिभार म्हणून बिल पंधरा टक्के जास्त. मालकीणबाई मूळच्या पोलंडच्या निघाल्या. अकरावा देश! त्यांच्याकडे सणाला श्व्येंतो म्हणतात, त्यात ‘पवित्र’ हा अर्थ आहे. ईस्टरला टोपलीत अंडी, पाव, मीठ घालून चर्चमध्ये नेतात, आजी घरात कोणाला टोपलीला हात लावू देत नाही, असं बरंच काही. मी लिहून घेत बसले.

“मेधा, दहा वाजून गेले,” सुहास म्हणाला.

“जेवायलाच तर जायचंय.”

“तिने बाराच्या आत म्हटलंय ना?”

“आपल्या लोकांचे बारा म्हणजे दीड. कळतं मला.”

टाउपोनंतरचा डेझर्ट रोड मात्र बघण्यासारखा. दोन्हीकडे वाळलेलं पिवळं गवत, उजवीकडे डोक्यावर थोडं बर्फ घेतलेला रुआपेहू आणि मैलोन्‌मैल एक घर नाही. ताइहापेला पत्र्याचा प्रचंड गमबूट उभा केलाय, त्याच्याजवळ फोटो काढला. पामर्स्टन नॉर्थला पोचलो तेव्हा दोन वाजले होते.

घराबाहेर सात-आठ गाड्या होत्या. दारात चपलांचा ढीग. आत वीस-पंचवीस माणसं, बहुतेक मराठी, बायका पांढऱ्या साड्यांत. समोर टेबलावर बुद्धाची मूर्ती, शेजारी हार घातलेला फोटो, पुढे मेणबत्त्या, त्या बऱ्याचशा जळून गेलेल्या. भिंतीवर निळा झेंडा. कार्यक्रम संपला होता. लोक खीर खात होते.

चौदा एप्रिल. कोणाची जयंती हे महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. मला कॅलेंडरवर फक्त गुड फ्रायडे दिसला होता.

त्या क्षणी तरी मी गप्प बसायला हवं होतं. पण उशीर झाल्याची लाज वाटली की मी जास्त बोलते, ही माझी जुनी खोड. “सॉरी सॉरी, रस्त्यात एक पोलिश बाई भेटली, मग काय!” असं म्हणत मी सरळ टेबलापाशी गेले, पिशवीतून गणपती काढला आणि बुद्धाशेजारी ठेवून दिला. “हा घ्या तुमच्या नव्या घराला!”

संगीता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती हलली नाही. तिच्या आई उठल्या, साठीच्या, बारीक चणीच्या. त्यांनी दोन्ही हातांनी मूर्ती उचलली, अगदी नीट, आणि माझ्या हातात दिली.

“बाई, आमच्यात हे ठेवत नाहीत,” त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. “आम्ही तशी प्रतिज्ञा घेतलीय. माझ्या वडलांनी घेतली, मी लहान होते. तुम्ही तुमच्या घरी ठेवा.”

मी मूर्ती पिशवीत घालायची आणि माफी मागायची, एवढंच काम होतं. मी म्हणाले, “अहो, पूजेला नाही हो. शोपीस म्हणून. कलाकुसर म्हणून ठेवा ना.” आणि वर हेही म्हणाले: “मला खरंच माहीत नव्हतं. आम्ही जातबीत काही मानतच नाही.”

लिहिताना आत्ताही कान गरम झालेत. जातीचं नाव तिथे कोणीही काढलं नव्हतं. ते मी काढलं.

सुहासने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि तो ती गाडीत ठेवून आला. मिलिंदने आम्हाला ताटं वाढली. कोणी वाईट वागलं नाही. शेजारी बसलेल्या एक डॉक्टरीणबाई रस्त्याची, हवेची चौकशी करत राहिल्या.

चारच्या सुमाराला लोक गेले. मी भांडी घासायला सिंकपाशी गेले तर संगीताने माझ्या हातातून घासणी काढून घेतली.

“असू दे. पाहुणी आहेस.”

“संगीता, सॉरी. मला माहीत नव्हतं गं.”

“माहीत नव्हतं, की विचारलं नव्हतंस?”

मी हात पुसायला फडकं शोधायला लागले.

“तुझ्या गणपतीला मी तीन वर्षं आले. मोदकांचं सारण परतलं. आरती सुरू झाली की मी दर वेळी आत भांडी घासत उभी राहायचे. तुला काय वाटलं, मला भांडी घासायची हौस आहे?”

“मला वाटलं, तू मदत करतेस.”

“तेच तर.” तिने नळ बंद केला. “आरतीला उभं राहायचं नव्हतं आणि तुला दुखवायचंही नव्हतं. म्हणून आत जायचे. तू एकदासुद्धा आत येऊन विचारलं नाहीस, तू इथे का? ऑफिसातल्या त्या डार्गाव्हिलवाल्याची आजी सणाला काय शिजवते ते तुला माहीत आहे. मला फोनवर अर्धा तास सांगितलंस. माझ्याकडे काय असतं, मेधा?”

उत्तर मला अर्धंमुर्धं येत होतं, आणि तेच लाजिरवाणं होतं. तिचं आडनाव मला माहीत होतं. तिच्या घरात देव्हारा नाही हे मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. पुण्यात वाढलेल्या बाईला यातून काही कळत नाही असं नसतं. मी ते कळून घेतलं आणि वर झाकण ठेवलं. विचारणं म्हणजे जात विचारणं, आणि आपण तर तसले नाही, अशी माझी स्वतःबद्दलची समजूत. त्या समजुतीच्या सोयीसाठी तिला मी नास्तिक ठरवून टाकलं.

“बारा म्हटलं होतं, कारण बाराला बुद्धवंदना होती,” ती म्हणाली. “आईने तुझ्यासाठी पहिल्या रांगेत जागा धरली होती. ऑकलंडची माझी मैत्रीण येणार म्हणून. अर्धा तास थांबलो आम्ही.”

दोन रात्री राहायचं ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन निघालो. “रस्ता लांबचा आहे,” असं मी म्हणाले, आणि कोणी आग्रह केला नाही.

मानावातू गॉर्ज सुरू झाली. एका बाजूला कडा, खाली नदी, मधे जेमतेम दोन गाड्यांपुरता रस्ता. मी काही बघत नव्हते. मागून ईरा म्हणाली, “Mum, why did you take Ganpati to their thing?”

“मला माहीत नव्हतं, बाळा.”

“I knew. Pragya told me ages ago. In Year Two.”

“तिने कसं सांगितलं?”

“I just asked her,” ईरा म्हणाली आणि पुन्हा चिप्स खायला लागली.

डॅनवर्कला वेशीवर शिंगवाल्या टोपीचा व्हायकिंग रंगवलाय, त्याच्याशी कोणी फोटो काढायला उतरलं नाही. पुढे वीस मिनिटांवर नॉर्सवुड. चिमुकलं गाव आहे, लोकरी मोजे चांगले मिळतात, जरूर घ्या. तिथल्या छोट्या संग्रहालयात बसलेल्या आजीबाईंना, केवळ सवयीने, मी शब्द विचारला. त्या खूश झाल्या. फेस्ट म्हणजे जेवणखाण, नाचगाणं. आणि होयतीद म्हणजे मोठा, गंभीर सण, तेव्हा घर शांत असतं, असं त्यांची आजी सांगायची. मग त्यांनीच मला विचारलं, तुमच्यात कोणता सण असतो आत्ता?

मी म्हणाले, काल एका मैत्रिणीकडे होता. मोठा दिवस असतो त्यांचा.

“हो? काय काय असतं?”

काय खातात, तर खीर. कोण येतं? एक डॉक्टरीणबाई, बाकी कोणाचं नाव मी विचारलं नव्हतं. घरातलं मोठं माणूस काय करतं? मी पोचले तेव्हा ते होऊन गेलं होतं. आजीबाई डोळे मोठे करून ऐकायला बसल्या होत्या आणि माझ्याकडे सांगायला काही नव्हतं. वही मी उघडलीच नाही.

रविवार नेपिअरला काढला. समुद्रकाठचं मोटेल पंच्याण्णव डॉलरला, तिघांना पुरेसं, स्वयंपाकघरही होतं. बीचवर वाळू नाही, काळे गोटे आहेत, जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालूनच उतरा. ईराला टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घालून पाण्यात जायचं होतं. लाटांचा जोर बघून सुहासने जाऊ दिलं नाही. सोमवारी नेपिअर-टाउपो रस्त्याने परत. वळणं खूप आहेत, पोट नाजूक असेल तर पुढे बसा.

घरी आल्यावर संगीताला फोन केला. उचलला नाही. चार दिवसांनी ईमेल लिहिली. तीत स्वतःची बाजू मांडणारी तीन वाक्यं होती, ती खोडली. उरली ती दोन ओळींची माफी, आणि एक प्रश्न: बाराला काय काय झालं ते सांगशील का, उशिरा का होईना. उत्तर आलं नाही. त्यानंतर मी हे प्रवासवर्णन लिहायला घेतलं. तिच्याबद्दल तिला न विचारता छापणं म्हणजे पुन्हा तेच, म्हणून मजकूर आधी तिला पाठवला.

काल रात्री जेवताना तिचा फोन आला. इकडचं तिकडचं काही नाही.

“वाचलं,” ती म्हणाली. “छाप. पण एक बदल.”

“सांग ना.”

“तू लिहिलंयस, सकाळी निघताना संगीताने हसून निरोप दिला. मी हसले नव्हते, मेधा.”

मी आठवून पाहिलं. ती दारात उभी होती, हाताची घडी घालून. हसली नव्हती. ते मी लिहिताना घातलं होतं, आणि मला ते खरंच वाटलं होतं.

ते वाक्य काढलं आहे.