रुखवतातून परत आलेली सुपं

काऊन वं पोरी, इकडं सरक जराशी. कागदावरच का होईना, पण सरक. काल फोनवर खिदळत सांगून राह्यली होती, "मावशे, नेटवरून कुर्ते मागवले, सगळे घालून पाह्यले, एक दिवस ऑफिसातबी मिरवला, अन् मंग परत धाडले!" अन् त्याच्यावर हसू येते तुले? मले नाई आलं. मी "बरं" म्हटलं अन् फोन ठेवला, तर तू तुह्या मायले विचारलं म्हणे, मावशी फुगली काय. हो, फुगली. काऊन फुगली थे आता बसून ऐक.

तुले वाटते, परत धाडलेलं सामान हवेत विरघळते. नाई विरघळत. थे कोणाच्या तरी ओसरीवर येऊन पडते. माह्या ओसरीवर पडत होतं.

तुहा दादा नोकरीले नागपूरले गेला तेव्हा त्याचा कम्प्युटर इथी सिंदेवाहीलेच राह्यला. काही दिवस मी त्याच्यावर टॉवेल झाकून ठेवला. मंग एक दिवस टॉवेल काढला अन् एकेक बटन शोधत शिकली. कोणी शिकवलं नाई. लाइन गेली की सारं लिहिलेलं पुसलं जाये, पुन्हा लिहा. तुहे मावसाजी येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगत, "आमच्या घरी आता म्हातारी मशीन चालवते अन् मी वांगे चिरतो."

त्यातच मले लिलावाची साइट सापडली. सामानाचा फोटो टाकाचा, लोक बोली लावत, मुदत संपली की ज्याची बोली मोठी त्याले सामान धाडाचं. लिलाव मले काही नवा नाई. आपल्याकडं तलावाचा लिलाव होते. मासोळी कमी निघाली तर ज्यानं तलाव घेतला थो नशिबाले शिव्या देते, दोन दिवस कोणाशी बोलत नाई. पण तलाव परत आणून देत नाई. मले वाटलं हेबी तसंच असन. कुठी काय!

विकाले होती सुपं. गावाच्या टोकाले बुरडाची बाई राह्यते, तू पाह्यली आहे तिले. मांडीवर बांबू घेऊन विळ्यानं अशा पातळ कामट्या काढते का कागद लाजन. पण बाजारात प्लास्टिकचे सुपं आले अन् तिचा माल तसाच पडून राह्यला. मंग दर साली धान निघाले की थे ट्रकात बसून आंध्रात मिरची तोडाले जाये. लेक सासूपाशी टाकून. वापस आली की हाताची आग कितीक दिवस जात नसे. लेक धावत येऊन बिलगे अन् ही दोन्ही हात वर धरून उभी राहे, पोरीच्या तोंडाले लागतीन म्हणून.

मी तिचे सुपं साइटवर टाकले. शहरातले लोक भिंतीवर टांगाले नाई तर लग्नासाठी घेत. चांगले चालले. त्या साली ट्रक आला तर बाईनं ट्रकवाल्याले दारातूनच सांगतलं, "यंदा माही जागा दुसऱ्याले दे भाऊ." येवढं पुरे होतं मले. सुपं चालत राह्यले तर ही घरी राहीन, हेच एक डोक्यात होतं.

सुपं बांधाले थे माह्या ओसरीवर येये. पहिल्याच दिवशी तिनं पदराची गाठ सोडली अन् प्रत्येक सुपात मूठभर तांदूळ अन् एक हळकुंड फडक्यात बांधून ठेवलं. मी म्हटलं, "काय करून राह्यली बाई? त्यायनं सूप मागतलं, तांदूळ नाई मागतले."

"काकू," म्हणे, "रिकामं सूप माह्या हातून कोणाच्या घरी जात नाई. माह्या मायनं नाई देल्लं, मीबी नाई देणार. तुम्ही फोटोत रिकामं दाखवा पायजे तर."

मलेबी पटलं. कोणाच्या पोरीच्या लग्नाले रिकामं सूप धाडाचं काय? आजबी मी त्याले चूक म्हणत नाई. ज्याले म्हणाचं असन त्यानं म्हणावं.

मंग परतीच्या अर्जायचा पूर आला. एकानं लिहिलं, फोटोत पिवळं होतं, आलं थे हिरवट आहे. अरे बाबा, बांबू वाळला की पिवळा होते, तूबी होशीन. एका बाईनं सुपात द्राक्षं धुतले अन् लिहिलं, पाणी गळते, वस्तू सदोष. सुपातून पाणी गळते! मी मावसाजीले वाचून दाखवलं तर थे म्हणे, "तिले विचार, चाळणीत चहा पेते काय?" हसलो आम्ही, पण दोघायनंबी खराब शेरे मारून ठेवले. साइटवाल्यायनं लिहून धाडलं का अजून एक खराब शेरा आला तर तुमचं दुकान बंद. विकणाऱ्याले विचारणं नाई, पुसणं नाई. घेणारा म्हणन थे खरं.

अन् मंग आली थे पुण्याकडची बाई. पोरीच्या लग्नाच्या रुखवतात मांडाले पाच सुपं पायजे म्हणे. आमच्या बाईनं जीव ओतून केले. सुपं गेले. लग्नाची तारीख निघून गेली अन् मंग तिचा अर्ज आला. 'तांदळात किडे निघाले. अस्वच्छ माल. वस्तू वापरलेली नाही. परत घ्यावी व संपूर्ण पैसे द्यावेत.' जुना तांदूळ, वाटेत पार्सल रखडलं, झाले असतीन सोंडे. नाई म्हणत नाई मी. पण फडकं उचलून फेकाले किती वेळ लागते?

पार्सल परत आलं तेव्हा आमची बाई ओसरीवरच होती. मी सुतळी कापली. सुपाच्या काठाले सोनेरी जर चिकटवली होती. मधी कुंकवाचं स्वस्तिक. एकावर चमकीनं 'शुभविवाह' लिहिलेलं. एकाले कापसाची बाहुली चिकटवून ओरबाडून काढली होती, तिचा एक हात सुपालेच राह्यला होता. वापरलेली नाही म्हणे!

बाईनं थो हात नखानं काढला. मी मात्र पेटली. पार्सलवर नंबर होता, फोन लावला. गोड आवाज काढून बोलली.

"ताई, मी सिंदेवाहीहून बोलून राह्यली, सुपंवाली. पोरीचं लग्न कसं झालं?"

"अगदी छान झालं हो! सगळ्यांनी रुखवताचं फार कौतुक केलं."

"सुपं शोभले काय?"

"खूपच! व्याही तर म्हणाले..." अन् तिथं थांबली. उमगलं तिले.

"काय म्हणाले व्याही? सांगा ना. का व्याह्यायले माहीत आहे, रुखवत परत करासाठी मांडलं होतं म्हणून?"

"हे पाहा, तुम्ही नीट बोला. मी तांदूळ मागवले नव्हते. किडे झाले होते त्यात."

"किडे तांदळात होते, ताई. सोनेरी जर सुपाले कोणी लावली? सोंड्यायनं?"

"तुमच्यासारख्या अडाणी लोकांकडून काही घ्यायलाच नको."

"अडाणी आहो म्हणूनच लग्नातलं सामान परत धाडत नाई आम्ही!"

मंग तिचा आवाज एकदम थंड झाला. म्हणे, "पैसे परत करा, मी शेरा लिहिणार नाही. नाही केलेत, तर आज लिहिते. मला तुमचे नियम माहीत आहेत." अन् फोन ठेवला.

मी म्हटलं, एक दमडी नाई देणार या बाईले. जर लावलेल्या सुपायचे फोटो काढते, साइटवाल्यायले धाडते, भांडते, पुढचं पुढं पाहू. आमची बाई गुडघ्याभोवती हात घालून बसली होती. हळूच म्हणे, "देऊन टाका काकू."

"काऊन देऊ? चोर आहे थे!"

"आहे ना. पण तुमचा राग तुमच्या घरी राहीन. ट्रकात मले बसा लागन."

कडू औषध गिळावं तसं गिळलं अन् पैसे परत केले. पैसे भेटल्याचा निरोप आला, अन् संध्याकाळी शेराबी आला. 'विक्रेती उद्धट आहे. किडे असलेला माल पाठवते. फोन करून त्रास देते.' पैसे घेऊन लिहिला! मी फोटो धाडले, लांबलचक अर्ज लिहिला. साइटचं उत्तर आलं, आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत. दुकान बंद. त्या बाईले फोन केला तर तिनं उचलला नाई, मंग नंबरच लागेनासा झाला. लोक सांगतात, सोडून दे, देव पाहून घेईन. देवानं पाहावं, मीबी पाहून राह्यली. अजून जिथं 'किडे' शब्द वाचते तिथं माहं तोंड कडू होते.

अन् ट्रक आला. बाईनं लेकीची वेणी घातली, सासूले औषध कधी द्याचं थे दोनदा सांगतलं अन् निघाली. जर लावलेलं एक सूप तिनं संगं घेतलं. मी म्हटलं, "थे कायले वं? मले तर पाहावत नाई." तर म्हणे, "काकू, बांबूनं काय गुन्हा केला? मिरचीचा कचरा पाखडाले होईन." ट्रकातल्या बायायनं चेष्टा केली, "नवरी आली रे, रुखवत घेऊन आली!" तीबी हसली. मी घरी येऊन कम्प्युटरवर टॉवेल झाकला.

उन्हाळ्यात वापस आली तेव्हा हात पाह्यले मी तिचे. सांगत नाई तुले. तेव्हापासून दर साली जाते. मधल्या दिवसात सुपं विणते, पण दारात येईन त्यालेच देते. येणारे किती, तुले माहीत आहे.

तू समोर असती तर इतकं बोलली नसती, जेवाले वाढलं असतं. म्हणून म्हणते, ये. तुह्या ऑफिसातल्या त्या दोघी-तिघींयले सुपं पायजे म्हणत होती ना, त्यायलेबी आण. तिच्या समोर बसा, सूप उलटंपालटं करून पाहा. नाई आवडलं तर तिच्या तोंडावर सांगा, थे दुसरं करून देईन, तिले राग नाई येत, थो माह्याकडंच आहे सगळा. फक्त दिवाळीच्या पुढं नको ढकलू. यंदा धान लवकर आले आहेत, अन् ट्रकवाला कालच गल्लीत विचारून गेला, कोण कोण येते म्हणून. बाईनं अजून हो म्हटलं नाई. त्याच्या आधी ये, पोरी.