साडेबाराची रडकी गाणी

शनिवारी मी नवऱ्याची तक्रार करायला सासूबाईंना फोन लावला… बाथरूममध्ये जाऊन, दाराला कडी लावून. आम्ही जर्मनीत एश्बॉर्नला राहतो, घर लहान आहे. बाहेर बोललं की सगळं ऐकू जातं.

सुरुवात झाली दोन आठवड्यांपूर्वी. माझी चिऊ अकरा महिन्यांची आहे. दुपारी साडेबाराला ती झोपते, तेव्हा मी मोबाईलवर तिची बाळगाणी लावते. ती मध्येच बंद पडायला लागली.

मोबाईल सांगायचा, दुसरीकडे गाणं चालू आहे. आमचं गाण्याचं अकाउंट एकच, ह्यांनी काढलेलं. म्हणजे हेच ऐकतायत ऑफिसमध्ये, असं मला वाटलं. आणि गाणी कसली? इंग्लिश. फोटोत एक पोरगी खिडकीकडे तोंड करून उभी…

मी ऐकलं चोरून. आधी नुसती मशीनची धडधड, पोटात पोरगं हलावं तशी. मग ती पोरगी गाते, गाते कसली, कानाशी येऊन कुजबुजते. माझं शिक्षण नववी. मला त्यातले दोनच शब्द कळले, होम आणि लोनली. तरी डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला राग आला त्या गाण्याचा. न कळता रडवतं म्हणजे काय… करणी केल्यासारखं!

मग डोक्यात किडा शिरला. सुखाने संसार करणारा माणूस रोज जेवायच्या सुट्टीत असलं रडकं कशाला ऐकेल? आणि एकटाच ऐकत असेल कशावरून?

तुम्ही हसाल. पण माझं इथं कोण आहे? जर्मन येत नाही, इंग्लिश येत नाही. माझा व्हिसा ह्यांच्या नोकरीवर. ह्यांनी उद्या म्हटलं, जा तुझ्या गावाला, तर चिऊला घेऊन मला एअरपोर्टसुद्धा गाठता यायचं नाही. चिऊ तरी माझ्याकडे राहील का, तेही माहीत नाही. रात्रभर छातीत तीच धडधड…

विचारलं एकदा. म्हटलं, "अहो, दुपारी गाणी ऐकता का हो?" तर म्हणाले, "आल्झो, मला जेवायला वेळ नसतो आणि गाणी कुठली?" हे जर्मन लोकांसारखं 'आल्झो', म्हणजे 'तर मग', म्हणाले की मला डाऊट येतो. आठवायला वेळ पाहिजे असला की म्हणतात.

मग आला शनिवार. हे घरीच. किचनमध्ये पोह्याला कांदा चिरत होते, ह्यांचा फोन माझ्यासमोर टेबलावर. साडेबारा वाजले आणि चिऊचं गाणं बंद… ती पोरगी चालू!

 हे इथं, फोन इथं… म्हणजे कुणा बाईकडे पासवर्ड आहे! पासवर्ड देण्यापर्यंत मजल गेली? तशीच बाथरूममध्ये गेले आणि फोन लावला.

"आई, तुमच्या मुलाला जरा विचारा…" एवढंच बोलले आणि थांबले. पलीकडे, मिरजेच्या घरात, मागे तेच गाणं वाजत होतं.

"थांब गं, हे बारीक करते," आई म्हणाल्या. ह्यांनी जाताना जुना टॅब आईंना भजनासाठी ठेवलाय. अकाउंट तेच. आमचे साडेबारा म्हणजे त्यांचे पाच. पाचला सासरे कट्ट्यावर जातात.

"आई, हे तुम्ही लावता?"

"भजन संपल्यावर एकदा आपलं आपणच लागलं. बंद करायला गेले, तर हात उठेना बघ."

"कळतं का तुम्हाला?"

"मला काय कळतंय डोंबलाचं! पण रडते गं ती. आणि तिला कोणी गप्प बस म्हणत नाही. मी जरा डोळे पुसले की तुझे सासरे म्हणतात, पोरगं काय लढाईवर गेलंय का…" मग म्हणाल्या, "तू काय विचारायला सांगत होतीस त्याला?"

मी म्हटलं, "काही नाही. पोह्यात शेंगदाणे घालू का, ते."

बाहेर आले आणि ह्यांना सगळं सांगून टाकलं. माझा संशयसुद्धा. मला वाटलं हसतील, नाहीतर ओरडतील. ह्यांनी सुरी खाली ठेवली. पण माझ्या डोक्यातला किडा कुठला गप्प बसतोय… मी म्हटलं, "भजनानंतर ही पोरगी येईलच कशी? ही गाणी आधी कोण ऐकायचं?"

 म्हणाले, "मीच. इथं आलो तेव्हा. आपलं लग्न व्हायच्या आधी वर्षभर. तीच यादी आहे ती."

"कुणासाठी?"

"कुणासाठी नाही गं. ऑफिसमधून रूमवर यायचो, कोणाशी बोलायला नसायचं. आईला फोनवर सांगायचो, मजेत आहे. फोन ठेवला की हे लावायचो."

 त्या एका वर्षाबद्दल मी कधी विचारलंच नव्हतं. मला वाटायचं, परक्या देशाची भीती फक्त मलाच वाटते, हे तर सगळं येणारे, शिकलेले…

म्हटलं, "जेवायचात काय तेव्हा?"

"ब्रेड आणि आईचं लोणचं. बरणी संपली त्या दिवशी फार रडलो होतो."

कांदा चिरून झाला होता, तरी डोळे पुसत होते. मी काही म्हटलं नाही. पुसू दिले.